आई जिवंत आहेत, हार्ड डिस्क मिळाली

प्रिय नणंदबाई आणि त्याआधीपासूनची वर्गमैत्रीण पोंपेआ हिला चेझारियाचा मनापासून नमस्कार.

मठाच्या शाळेतली ती पाण्याची लांबट दगडी कुंडी आठवते का गं तुला? सिस्टर कांदिदा हात तपासायला यायच्या आधी आपण दोघी कुंडीपाशी उभ्या राहून लिंबाच्या सालीने बोटांवरची शाई घासायचो. तू मला अर्धी साल द्यायचीस आणि स्वतःकडे मोठी अर्धी ठेवायचीस. पाणी इतकं गार असायचं की बोटं लाल व्हायची, आणि मग सिस्टर म्हणायच्या, शाई गेली पण आता हे काय लावलंय? काही विशेष घडलं नव्हतं त्या दिवसांत. तरी गेल्या आठवड्यापासून ते सारखं डोळ्यांपुढे येतंय, कारण तेव्हापासून जे घडतंय ते इतकं विशेष आहे की जीव साध्या गोष्टींच्या मागे लपायला बघतो.

तुझा गुडघा कसा आहे? आमच्या जावयाचा, क्विंतिनोचा, खोकला गेला का, की अजून स्वित्झर्लंडातल्या त्या विंटरथूरच्या हवेवरच ढकलतोय? आम्ही सगळे बरे आहोत. सगळे म्हणजे तुझी आईसुद्धा. हे मी मुद्दाम लिहितेय. परवा फोनवर मी सांगत होते आणि तू रडत होतीस, मग मी रडत होते आणि तू विचारत होतीस की नेमकं कोण गेलं, आणि शेवटी आईंनी माझ्या हातातून फोन ओढून घेतला आणि तुला म्हणाल्या की रडायचं असेल तर पैसे वाया न घालवता तिकडेच रड. त्यातून तुला काय कळलं असेल ते देव जाणे. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहिते. (फोन त्यांच्या खुर्चीशेजारी असतो. पत्र नसतं.)

सुरुवात पांतालेओच्या कॉम्प्युटरपासून झाली. तुझ्या भावाला जाऊन चार वर्षं झाली, आणि स्मशानात शवपेट्यांच्या भिंतीतल्या त्याच्या कप्प्यावर नाव आहे, तारखा आहेत, छोटा दिवा आहे, आणि जिथे चेहरा असायला हवा तिथे रिकामी लंबगोल चौकट आहे. सगळ्या गावाच्या चौकटी ज्या फोटोवाल्याने भरल्या त्याचीच मोकळी. कुणी गेलं की घरचे लोक आधी आपल्या दारात यायचे, डॉक्टरकडेही नंतर, आणि म्हणायचे, पांतालेओ, तिचा एखादा बरा फोटो बघ. तो बघायचा. पण स्वतः कॅमेऱ्यापुढे कधी आला? सहलीत कुणी म्हणालं की आण, तुझा काढतो, की हा पळालाच. ओळखपत्रावरचा आहे, पण त्यात तो सायकलचोर दिसतो असं आईंचं मत आहे, आणि मला ते खोडून काढता येत नाही. लग्नातला आहे, पण त्यात तो सव्वीस वर्षांचा. उद्या मी शेजारच्या कप्प्यात गेले की लोक म्हणतील आजीला नातवाशेजारी ठेवलंय. तर माझी सगळी आशा त्या कॉम्प्युटरवर होती. तीस वर्षांचं गाव त्यात आहे, त्यात कधीतरी, कुणीतरी, एकदा तरी त्याच्या हातून कॅमेरा काढून घेतला असेलच.

आणि तो कॉम्प्युटर मागच्या महिन्यात कॉफी दळल्यासारखा आवाज करू लागला. मी तुरीनला वितोला फोन लावून तो आवाज ऐकवला. माझा मुलगा डॉक्टर बोलतात तशा आवाजात म्हणाला, आई, त्याला फार त्रास देऊ नकोस, ताबडतोब एक बाहेरची हार्ड डिस्क आण आणि सगळं उतरवून घे. मी विचारलं, नाहीतर? तो म्हणाला, नाहीतर जाईल सगळं. पोंपेआ, मला धक्का बसला तो इथे पहिल्यांदा. आत्मा शरीरानंतरही उरतो हे नन्सनी आपल्याकडून इतक्या वेळा घोकून घेतलं, पण फोटो मरतात हे त्यांच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. मी आपली समजत होते की एकदा आत गेलं की गेलं, वर देवाकडे असतं तसं.

मग मी काय केलं? गुरुवारच्या बाजारात गेले. (हसू नकोस.) पडद्याच्या कापडांशेजारी एक माणूस बसतो, त्याच्याकडे सोळा टेराबाइटची डिस्क होती, चकचकीत, हातात घेतली की भारी लागायची. टेराबाइट म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं, पण सोळा हा आकडा भरवशाचा वाटला आणि किंमत तर भाजीसारखी. घरी येऊन मी वितोच्या सूचना ऐकत मुलांच्या पहिल्या कम्युनियनचे सगळे फोटो तिच्यात घातले. पडद्यावर हिरवी पट्टी छान भरत गेली. मग उघडून बघते तर नावं सगळी आहेत आणि आत काही नाही. मुलांची नावं, रिकाम्या जागा. मूळ फोटो कॉम्प्युटरमध्ये होते म्हणून वाचले.

ती डिस्क घेऊन मी ओरोंत्सोकडे गेले. ओरोंत्सो म्हणजे चर्चमागचा छापखानेवाला, पांतालेओचा पत्त्यांतला भिडू. लग्नपत्रिका, शोकपत्रकं, शाळेच्या वह्या आणि हल्ली कॉम्प्युटरचं सामान, सगळं एकाच काउंटरवर. त्याने डिस्क कानाशी धरून हलवली, स्क्रूड्रायव्हर घेतला आणि माझ्यासमोर उघडली. आत नखाएवढं एक कार्ड होतं आणि वजन यावं म्हणून डिंकाने चिकटवलेला लोखंडाचा तुकडा. मी खुर्चीवर बसले. ओरोंत्सोला मात्र असा आनंद झाला होता की त्याने दुकानातल्या दोन गिऱ्हाइकांना तो तुकडा हातात घेऊन बघायला लावला.

मग त्याने मला प्रवचन दिलं. (तुला ठाऊक आहे, त्याला ऐकणारं माणूस मिळालं की तो दुकान बंद करायचं विसरतो.) म्हणे डिस्क दोन जातीची. एकीच्या पोटात तबकडी फिरते, ती स्वस्त आणि पोटाने मोठी, पण चालू असताना टेबलावरून पडली की संपली. दुसरीत काहीच फिरत नाही, ती प्रार्थनेच्या पुस्तकात ठेवतात त्या संताच्या चित्राएवढी असते, जलद असते, आणि महाग असते. मी विचारलं, काहीच हलत नाही तर ती चालते कशी? तो म्हणाला, वहिनी, फादरना नाही ना विचारत तुम्ही असं. किती मोठी हवी यावर तो म्हणाला की दोन टेराबाइटमध्ये गावातली सगळी लग्नं मावतील आणि वर फारकतींना जागा उरेल. मला वाटलं झालं, सुटले. तर म्हणतो, एक घेऊन भागणार नाही, दोन घ्या. एक घरात आणि एक दुसऱ्या कुणाच्या घरात, कारण घर जळलं, चोर आला, नळ फुटला तर? आणि दोन्ही काही वर्षांनी बदलायच्या, कारण त्यांनाही वय असतं. मी कपाळाला हात लावला. आजोबांचा काचेवरचा फोटो शंभर वर्षं भिंतीवर आहे, त्याला कुणी काही केलेलं नाही, वर्षातून एकदा पुसतो. आणि हे नवीन ज्ञान असं की गादीपेक्षा लवकर आठवणी बदलायच्या.

शेवटी न फिरणारी घेतली. पांतालेओच्या कॉम्प्युटरला तिची वायर बसेना (ते भोक म्हातारं, ही वायर तरणी), म्हणून ओरोंत्सो एक जोड घेऊन स्वतः घरी आला. चालते का बघायला एकच फोटो आधी उतरवू म्हणाला, आणि मी समोर आला तो दाखवला. तो होता तुझ्या आईचा, वितोच्या पहिल्या कम्युनियनच्या जेवणातला, गालात अख्खा बदामाचा लाडू. तो डिस्कवर गेला. आता दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडतो का ते दुकानात बघतो म्हणून ओरोंत्सो डिस्क घेऊन गेला. तिथे तो उघडला. छान उघडला. आणि तो तसाच पडद्यावर उघडा ठेवून ओरोंत्सो पत्ते खेळायला निघून गेला.

आता तुला एक गोष्ट सांगायला हवी जी मलाही परवाच कळली. आईंनी दोन वर्षांपूर्वी ओरोंत्सोच्या बायकोकडे, असुंताकडे, जाऊन स्वतःच्या शोकपत्रकाचा मजकूर आधीच जुळवून ठेवला होता. माझ्यावर सोपवलं तर मी विशेषणांत काटकसर करीन अशी त्यांना भीती. मजकूर तयार, काळी चौकट तयार, फक्त तारीख आणि फोटो यायचा बाकी. आणि असुंता संध्याकाळी दुकानात येऊन बघते तर फोटो आलेला. ती बिचारी तिथेच क्रुसाची खूण करून रडली. फादरांना फोन करून दुसऱ्या दिवशी अंत्यविधीला चारची वेळ मोकळी आहे का विचारलं, होती, आणि कामाला लागली. मला तिने फोन नाही केला. म्हणे, अशा वेळी घरच्यांना काय त्रास द्यायचा.

सकाळी मी पाव आणायला निघाले तेव्हा आई कॉफीत बिस्किट बुडवत होत्या. चौकात चर्चची घंटा वाजू लागली, मरणाची, ती सावकाश. मी म्हटलं कोण बाई गेलं, आणि शोकपत्रकं चिकटवतात त्या भिंतीकडे बघितलं. फिलोमेना, वय एक्याण्णव, धर्मविधींचा लाभ घेऊन, आदर्श माता, अथक सासू, सदैव हसतमुख. आणि वर तो गाल. पोंपेआ, खरं सांगते, मला ते खरं वाटलं. आत्ताच तर त्यांना पाहून निघाले होते, तरी छापलेलं समोर दिसल्यावर मला माझ्या डोळ्यांवर भरवसा राहिला नाही. पाववालीने मला मिठी मारली. मी पावाशिवाय घरापर्यंत पळत आले.

आई दुसरं बिस्किट बुडवत होत्या.

मी त्यांना काय सांगावं याची जुळवाजुळव करते आहे तोवर दाराशी पहिलं पातेलं आलं. दुःखाच्या घरी चूल पेटत नाही म्हणून शेजारणी जेवण आणतात, त्या रिवाजाला कुणी थांबवायचं कसं? समोरची दोनाता बारीक शेवयांचं सूप घेऊन हुंदके देत आत आली आणि मयताने तिला विचारलं, मीठ बघून घातलंस ना? दोनाताच्या हातून पातेलं पडलं नाही हे तिच्या आईबापांचं पुण्य. मग मटणाचे गोळे आले, मग भरलेली वांगी, मग बाजारच्या बाजूच्या तिघी बहिणी कॉफीचा मोठा थर्मास घेऊन. जी येई ती उंबऱ्यात किंचाळे, मग आईंना शिवून बघे, मग बसे. आणलेलं परत कोण नेणार? आई मधोमध बसल्या आणि प्रत्येक पातेल्याची चव घेतली. त्यांना मी पत्रकाबद्दल सांगितलं तेव्हा त्या घाबरल्या नाहीत की चिडल्या नाहीत. चष्मा लावून एकदा खाली जाऊन वाचून आल्या.

“मेले ते ठीक,” म्हणाल्या, “पण हा फोटो कुणी निवडला?”

ओरोंत्सो दुपारी आला तो भिंतीच्या रंगाचा होऊन. माफी मागायला पत्रकं उतरवून सोबत आणली होती, आणि डिस्क. डिस्क बघून मला आठवलं की या सगळ्या गोंधळात मूळ काम राहिलंच आहे. त्याने तिथेच जेवणाच्या टेबलावर कॉम्प्युटर लावला, वांग्यांच्या आणि सूपाच्या मधे, आणि उतरवायला सुरुवात केली. कॉफी दळल्याचा आवाज इतका वाढला होता की आई त्याला म्हणाल्या, माझ्याआधी हाच जाईल. फोटो एकेक पडद्यावर येत होते आणि मागे अख्खी गल्ली वाट्या हातात घेऊन उभी होती. अगं ती बघ मारिएत्ता, तेव्हा दात होते. हा कोण, हा मेला का? कधीच. दोनाताला तिचा बाप दिसला, तिने वाटी खाली ठेवली. मी मात्र एकाच माणसासाठी बघत होते. लग्नं गेली, बारशी गेली, सेंट रोकच्या मिरवणुका गेल्या वर्षामागून वर्षं. तो कुठेच नव्हता. कसा असेल? ज्याने बघितलं तो त्यात कसा असेल? कॉम्प्युटर दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत दळत राहिला, सगळं उतरवून झालं, आणि हिरवी पट्टी भरल्यावर तो बंद पडला तो पडलाच. सगळं वाचलं, पोंपेआ. फक्त ज्याच्यासाठी केलं तो त्यात नव्हता. लोकांसमोर मला रडू आलं, आणि लोकांना वाटलं चला, शेवटी सुनेला रडू आलं.

तेव्हाच दारात बियाजो उभा होता. तुला आठवत असेल, शेजारच्या गावचा फोटोवाला, ज्याच्याशी पांतालेओ वीस वर्षं बोलला नाही, कारण एका लग्नात दोघांनाही बोलावलं होतं आणि दोघेही जागचे हलले नाहीत. त्यांच्या गावातही पत्रक लागलं होतं आणि उतरवायला कुणी गेलं नव्हतं. तो काळा कोट घालून, टोपी हातात घेऊन, आई गेल्याचं सांत्वन कुणाचं करावं हे शोधत होता आणि आई त्याला गोळे वाढत होत्या. एक गोळा त्याने उभ्यानेच खाल्ला. मग त्याने माझ्याकडे बघितलं, बंद पडलेल्या कॉम्प्युटरकडे बघितलं, आणि कोटातून एक पाकीट काढलं.

“तो तुमच्याकडे नसणारच, बाई,” तो म्हणाला. “तो माझ्याकडे आहे.”

सेंट रोकच्या मिरवणुकीत देवाची मूर्ती मधून चालते. एका बाजूला पांतालेओ, दुसऱ्या बाजूला बियाजो, दरवर्षी त्याच कोपऱ्यावर, एकमेकांकडे न बघता. आणि बियाजोच्या प्रत्येक फोटोत, देवाच्या खांद्यापलीकडे, तुझा भाऊ उभा आहे. कॅमेरा तोंडावर धरलेला. एका वर्षी, दुसऱ्या वर्षी, सगळ्या वर्षी. मी एकेक फोटो हातात घेत होते. शर्ट मी शिवलेले, पोट मी वाढवलेलं, आणि चेहऱ्याच्या जागी कॅमेरा. आईंनी बियाजोला विचारलं की मेल्या, चार वर्षं हे घेऊन कुठे बसला होतास? तो म्हणाला, माझ्याकडून फोटो घेतला असता तर तो भिंतीतून उठून परत द्यायला आला असता.

पाकिटात तळाशी एक वेगळा होता. त्यात पांतालेओने कॅमेरा खाली घेतलाय. बियाजो त्याच्या चौकटीत आला असणार, कारण तो सरळ बियाजोकडे बघतोय, भुवया वर, आणि उजव्या हाताची पाची बोटं टोकाला जुळवून पुढे धरली आहेत, ते आपलं नेहमीचं, “काय पाहिजे तुला?” असं विचारणारं. केस पांढरे, डोळे जिवंत. मी मठात शिकलेली बाई, स्मशानातली मर्यादा मला कळते, पण तो फोटो मी हातातून खाली ठेवला नाही. ओरोंत्सो म्हणाला, हात कापून टाकतो, फक्त चेहरा ठेवतो, कुणाला कळणार नाही. तेवढ्यात फादर आले (चारच्या विधीसाठी आदल्या दिवशी थांबले होते, कुणी आलंच नाही म्हणून चौकशीला), त्यांनीही तेच म्हटलं, पवित्र जागी असा हात शोभत नाही. आई उठून उभ्या राहिल्या.

“हातासकट लावायचा,” त्या म्हणाल्या. “मी मेलेली बाई आहे. मेलेल्यांचं ऐकतात.”

मंगळवारी तो दगडावर बसवला. चार वर्षं मी त्या रिकाम्या चौकटीपुढे उभी राहून घरातलं सगळं सांगायचे आणि भिंत ऐकायची. आता फुलं घेऊन गेले की तो आधीच विचारतो. शेजारच्या कप्प्यांना येणारे लोक दचकतात. एका बाईने मला सांगितलं की हे बरं दिसत नाही. मी म्हटलं, हो ना, नाहीच दिसत, आणि तिच्यादेखत काच पुसली.

आईंची तब्येत उत्तम आहे. क्विंतिनोला नमस्कार.

तुझी चेझारिया

ता. क. पत्र ज्यासाठी लिहिलं ते राहिलंच. लोकांनी आपापल्या नावाने भिंतीवर लावलेली सगळी सांत्वन-पत्रकं आईंनी मोजली आहेत. दोनाताचं होतं, बाजारच्या बहिणींचं होतं, दूधवाल्याचंही होतं. पोटच्या मुलीचं नव्हतं. तुला कुणी कळवलंच नव्हतं हे मी हजारदा सांगितलं, त्यांचं म्हणणं, आईचं मन आपोआप कळतं. तर तू चार ओळी लिहून पाठव. ओरोंत्सो फुकट छापून देईल, त्याची तेवढी चूक आहे. “शोकाकुल” नको, ते दोनाताने वापरलं. जरा लांब लिही, त्या वाचणार आहेत.

ता. क. २. बियाजोने तोंडाने काही मागितलं नाही. जाताना टोपी फिरवत एवढंच म्हणाला की त्याच्या फोटोंत पांतालेओ आहे म्हणजे पांतालेओच्या फोटोंत कुठेतरी तो असेल, आणि त्याची बायको गेल्यापासून घरात फोटो काढणारं कुणी नाही. तर पांतालेओच्या मिरवणुकीच्या फोटोंत देवाच्या दुसऱ्या बाजूला बघ. मी दिसेल तेवढे बघितले, सगळ्यांत कॅमेरा तोंडावर. माझे डोळे आता थकले. तिकडे हिवाळा लांब असतो, तू डिस्कवरचे एकेक उघडून बघ. चेहरा असलेला एक पुरे. हात काहीही करत असला तरी चालेल.

ता. क. ३. हे पत्र शुक्रवारी तिकडे येणाऱ्या बसच्या ड्रायव्हरकडे खोक्यासकट देतेय. खोक्यातलं असं वाटून दे. लोकरीच्या मोज्यात गुंडाळलेली, पहिलीवरून उतरवलेली दुसरी डिस्क तुझी, ती घरात उंचावर ठेव आणि वर्षातून एकदा लावून बघ. (मोजे क्विंतिनोचे.) तेलाचे दोन डबे, एक तुझा, एक वरच्या मजल्यावरच्या त्या पोर्तुगीज बाईचा जिने तुझ्या गुडघ्याच्या वेळी सूप आणलं. आईंचा लाडवाच्या गालाचा फोटो, मोठा काढून, काचेत घालून, तुझ्या मुलीला. आई म्हणतात जाळून टाक, तू जाळू नकोस. लोखंडाचा तुकडा क्विंतिनोला, त्याला अशा वस्तू आवडतात. चेहऱ्याचा फोटो मी पाठवत नाही. तो स्कॅन करून डिस्कवर घातलाय, पण कागदावरचा माझ्याकडे राहू दे. बियाजोने दिलेले मिरवणुकीचे सगळे तुला, वर्षांप्रमाणे लावले आहेत, तो क्रम मोडू नकोस. ओळीने बघितलेस तर कॅमेऱ्यावर दिसणारे केस हळूहळू पांढरे होत जातात. हे क्विंतिनोला देऊ नकोस, तो फ्रिजवर चिकटवतो.